सांडगे वाळायच्या वेळी

कोलकात्यात एक साधी टेकडी नाही. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही इथे आलो, मला सॉल्ट लेकमध्ये नोकरी लागली, मुलगी शाळेत रमली, मग नवऱ्याने विनंत्या करकरून मुक्काम वाढवून घेतला. सगळं छान झालं. पण ही माझी तक्रार पहिल्या दिवसापासून आहे तशी आहे. इथे चढ म्हणायचा तर फ्लायओव्हरचा. मी मूळची नाशिककडची, लग्नाआधी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असायची. कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळात दोर, गाठी, कडे चढणं, सगळं रीतसर शिकलेली. इथे कोलकात्याच्या बेहाला भागात आल्यावर ते सगळं विसरून मी चौथ्या मजल्यावर लिफ्टने जाणारी बाई झाले.

तर एका हिवाळ्यात मुलगी मला मैत्रिणीच्या वाढदिवसाचे फोटो दाखवत होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा. बोटाने एक फोटो जास्त सरकला आणि समोर आले तिचे स्वतःचे पाय, लोंबकळणारे, आणि त्यांच्या खाली, खूप खाली, पत्र्याची छपरं. तिने झटकन फोन मागे घेतला. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "हे बूट घालून चढलीस? ह्या गुळगुळीत तळव्याचे?"

तिला वाटलं होतं मी किंचाळणार.

मग हळूहळू एकेक बाहेर पडलं. हावड्याला एक बंद पडलेला ओतकामाचा कारखाना होता, गटारांची झाकणं वगैरे ओतायचा. त्याच्या आवारात लोखंडी सांगाड्यावर पाण्याची उंच टाकी. सांगाड्याला अर्ध्यापर्यंत जिना आणि पुढे सरळ उभी शिडी. बाईसाहेब फुटक्या कंपाउंडमधून आत शिरून तिथे चढायच्या. एकट्या. कुणाला न सांगता. "आई, तू टेन्शन घेऊ नको ना, मी एकदम केअरफुल असते," हे वर. तिचं मराठी इथे वाढलेल्या मुलांचं असतं तसं आहे, घाबरली की निम्मं हिंदीत जातं. त्या दिवशी मात्र मराठीत बोलत होती, म्हणजे मला लोणी लावणं चालू होतं.

नवरा म्हणाला, "उद्यापासून बंद. विषय संपला." तो असं म्हणतो आणि पेपर उघडतो. पण मला माहीत होतं, विषय कसला संपतोय! मी तिच्या वयाची असताना माझ्या वडिलांनीही विषय असाच संपवला होता, आणि पुढच्या रविवारी मी कड्यावर होते. बंदी घातली असती तर ती गेली असतीच, फक्त मला कळलं नसतं. ती वर असेल, पाय निसटेल, आणि त्या ओसाड आवारात कुणाला पत्ताही लागणार नाही, ही एकच भीती माझ्या मनात बसली. रात्री झोपताना, ऑफिसात मीटिंगमध्ये, डाळीला फोडणी देताना, तेच. ती तिथे एकटी असता कामा नये, एवढं एकच मला हवं होतं.

म्हणून मी तिला म्हटलं, "मी येते तुझ्याबरोबर."

तिने कपाळावर हात मारला. आईला बरोबर घेऊन असल्या जागी जाणं म्हणजे काय शोभा! पण मी कमरेला बांधायच्या नव्या हार्नेसचं, नव्या दोराचं आमिष दाखवलं आणि ती विरघळली. माझा ट्रंकेतला जुना दोर तिने मोठ्या प्रेमाने बाहेर काढला होता. तो मी कपडे वाळत घालायला बांधून टाकला. जुना दोर कितीही जिव्हाळ्याचा असला तरी त्यावर जीव टाकायचा नसतो. उभ्या शिडीसाठी तिला हार्नेसला जोडायचे, टोकाला आकडे असलेले दोन पट्टे घेतले. एक पट्टा वरच्या पायरीला अडकवल्याशिवाय खालचा सोडायचा नाही. हे तिच्याकडून मी घरातल्या खिडकीच्या गजांवर इतक्या वेळा करून घेतलं की नवरा म्हणाला, आता हिला जेवायला तरी सोड.

खरं भांडण पेटलं ते वेळेवरून. ती जायची संध्याकाळी. म्हणे उजेड सोन्यासारखा असतो, फोटो झकास येतात आणि आसपास कुणी नसतं. मी म्हटलं, शहाणे, कोलकात्याच्या हिवाळ्यात पाच वाजले की अंधार पडायला लागतो. तू सोन्यासारख्या उजेडात चढतेस, ते ठीक. उतरतेस कशात? आणि मी मोठ्या रुबाबात माझं शास्त्र सांगितलं. चढाई पहाटेचीच. अंधारात निघायचं, उजाडताना माथ्यावर, ऊन तापायच्या आत खाली. आमच्याकडे गडावर हेच करतात, बापजाद्यांपासून हेच करत आलेत.

"आई, पण हे गड नाही आहे," ती म्हणाली. मी ऐकून घेतलं नाही.

पौषातली पहाट. बेहालातून पहिली बस पकडून आम्ही हावड्याला उतरलो तेव्हा धुकं असं दाट की हातभर पुढचा चहावाला दिसेना. गंगेवरून येणारा गारवा आणि चुलींचा धूर त्यात कालवलेला. फुटक्या भिंतीतून आत शिरताना माझी छाती धडधडत होती आणि, का खोटं बोलू, मजाही येत होती. टाकीजवळ पोचलो आणि मी लोखंडाला हात लावला. पाणी! सगळा सांगाडा दवाने निथळत होता. जिन्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, शेवाळावर दव. सह्याद्रीतला हिवाळी कातळ पहाटे कोरडा ठणठणीत असतो, हात ठेवला की धरून ठेवतो. इथे नदी, तळी, डबकी, सगळ्यांची वाफ रात्रभर येऊन त्या लोखंडावर बसलेली. तिथेच परत फिरायला हवं होतं. पण इतकं मोठं भाषण ठोकून आल्यावर परत कशी फिरणार?

चढलो. मी दोर लावला, तिला पट्टे लावले, जपून जपून टाकीच्या चौथऱ्यावर पोचलो. आणि वरून दिसलं काय? पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं. नदी नाही, पूल नाही, स्टेशन नाही, सूर्य तर नाहीच. पण माथा तो माथा. इतक्या वर्षांनी माझ्या पायाखाली उंची होती, डोळे भरून आले होते, आणि मला काय झालं कोण जाणे, सवयीने, मंडळात माथ्यावर पोचलो की ओरडायचो तशी, मी छातीचा भाता फुगवून ओरडले, "हर हर महादेव!"

मुलगी हादरली. "आई! तू वेडी आहे का?"

झालं. खाली कुत्र्यांनी गिल्ला केला. खिडक्या खटाखट उघडल्या. धुक्यातून बंगालीत आरडाओरडा ऐकू यायला लागला. के, के ओखाने? म्हणजे, कोण आहे तिथे? आम्ही घाईघाईने उतरायला लागलो आणि जिन्यावर, शिडीवर नव्हे, साध्या जिन्यावर, पोरीचा पाय शेवाळावरून सटकला. दोर होता म्हणून ती कठड्याला आपटून थांबली. नुसतं ढोपर फुटलं. त्या क्षणी माझं सगळं पहाटेचं शास्त्र गंगेला मिळालं.

खाली दहा-बारा माणसं जमलेली आणि त्यांच्या पुढे एक म्हातारी, अंगावर जाड शाल, डोक्याला माकडटोपी, हातात टॉर्च. कारखाना तिच्या नवऱ्याचा होता. तो गेल्यावर बंद पडला, मुलं परदेशी गेली आणि ती आवाराला लागून असलेल्या दुमजली घरात एकटीच राहत होती. तिने आमच्या तोंडावर टॉर्च मारला आणि हिंदीत विचारलं, "तुम लोग चोर है कि पागल है?"

"माशीमा, माफ कीजिए," मी इथल्या रीतीने तिला मावशी करत म्हटलं. "ये मेरी बेटी है. हम लोग महाराष्ट्र के हैं."

तिने टॉर्च खाली केला. "महाराष्ट्र? ओ मा! बर्गी!" आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. मग जमलेली माणसंही हसायला लागली. इकडे मराठे घोडेस्वार लुटीला यायचे त्यांना बर्गी म्हणतात. आपल्याकडे कुणाला त्यांची आठवण नाही, इथे अजून आहे, आणि आपल्याला खाली मान घालावी लागते. त्यात मी पहाटे त्यांच्या डोक्यावर चढून आरोळी ठोकलेली. पोरगी म्हणाली, आई, आता प्लीज बोलूच नको.

म्हातारीने आम्हाला घरात नेलं. पोरीचं ढोपर स्वतः धुतलं, हळद लावली, चहा दिला, बिस्किटं दिली. आणि सगळी चौकशी केली. का चढता? काय मिळतं? पोरगी ज्या बंगालीत तिच्याशी बोलली ते ऐकून मी चाटच पडले. माझ्याशी कधी इतकं बोलली नव्हती. म्हणाली, दीदा, खाली सगळे मला काही ना काही सांगत असतात. वर कुणी काही सांगत नाही. दीदा म्हणजे आजी. अर्ध्या तासात चोराची नात झाली होती.

मी म्हटलं, आता पुन्हा नाही येणार, माशीमा. म्हातारी म्हणाली, "क्यों नहीं आएगा? ये आएगा. मैं ना बोलूँगी तो दीवार से आएगा." बघा, तिला अर्ध्या तासात ते कळलं जे माझ्या नवऱ्याला कळत नव्हतं. टाकीचा सांगाडा तिच्या नवऱ्याने स्वतः उभा केलेला. दरवर्षी दुर्गापूजेआधी ती अजूनही माणूस बोलावून तो तपासून घ्यायची, कारण पडला तर तिच्याच घरावर पडला असता. तेव्हा चढायला हरकत नाही, म्हणाली. पण वेळ ती ठरवणार.

हिवाळ्यात ती रोज डाळ वाटून गच्चीवर बोडी घालायची. बोडी म्हणजे आपले सांडगेच, फक्त नाजूक आणि टोकदार. सकाळी घालायचे आणि दुपारी जेवण झालं की पाठीला ऊन घेत, ओले केस मोकळे सोडून, हातात काठी धरून कावळे हाकत बसायचं. सगळा पाडा, म्हणजे सगळा मोहल्ला, तेव्हा दुपारचा झोपतो. ती झोपत नाही. गच्चीवरून टाकी समोरच दिसते. "मैं बैठूँगी, तब चढ़ना. मैं नहीं, तो चढ़ना नहीं," ती पोरीला म्हणाली. "गिरेगा तो कोई देखने वाला तो होना चाहिए."

मी त्या माकडटोपीतल्या बाईच्या पायाच पडले. महिनाभर माझ्या छातीवर जे ओझं होतं ते तिने चहाच्या कपाबरोबर उचलून बाजूला ठेवलं होतं.

आणि वेळही कशी नेमकी! पुढच्या रविवारी दुपारी गेलो तर लोखंड खडखडीत कोरडं, हाताला कोमट लागणारं. शेवाळ वाळून कुरकुरीत झालेलं, ते आम्ही ब्रशने खरवडून काढलं. धुकं केव्हाच विरलेलं. ऊन अंगावर असं पडलेलं की गंजलेली पायरी आणि चांगली पायरी वेगळी ओळखू यावी. उतरून झाल्यावरही बराच दिवस शिल्लक. वरून नदी दिसली, पुलावरची माणसांची रांग दिसली, फेरीबोटी जाताना दिसल्या, स्टेशनात शिरणाऱ्या गाड्या दिसल्या. आणि समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, म्हातारी, काठी हलवून आम्हाला की कावळ्यांना काय सांगत होती ते कळेना. मला हसू फुटलं. गडावर इतक्या वेळा गेले, पण मी चढतेय म्हणून कुणी जागं बसलंय असं कधी झालं नव्हतं.

फाल्गुन संपला की लोखंड तापायचं, मग चढाई बंद. पुढे वादळांचे दिवस, मग पाऊस. पूजा उरकली, दव पडायला लागलं, गच्चीवर बोडीसाठी फडकं अंथरलं गेलं की आमचा मोसम सुरू. दुसऱ्या हिवाळ्यात पोरीला मंगळवारी दुपारी मोकळीक असायची आणि मला ऑफिस. ती म्हणाली, आई, मी एकटी जाऊ? दीदा तर असणारच. मी रात्रभर विचार केला. शेवटी माझ्यासमोर सगळी चढाई तिच्याकडून एकटीने करून घेतली, पट्टे कसे अडकवते ते बघितलं, आणि हो म्हटलं. म्हातारीला फोन केला. ती म्हणाली, "तुम ऑफिस करो. मैं हूँ ना."

पण माझा जीव राहतोय होय! मंगळवारी दुपारी मी स्क्रीनकडे बघायची आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. ती पोर वर असणार, उजेड आहे, कोरडं आहे, दीदा आहे, असं स्वतःला बजावत बसायची. एकच शंका कुरतडायची, की एखाद्या दिवशी म्हातारी गच्चीवर नसली तर? लग्नकार्याला गेली, डोळा लागला, तर? इतकी लांबून आलेली, सगळं अंगावर चढवून तयार झालेली पोर, शिडी समोर उभी, कोण अडवणार तिला? मी तिच्या वयात थांबले असते का? नसते. खात्रीने सांगते, नसते थांबले. म्हणूनच तर भीती होती.

माघातला एक मंगळवार. ती टाकीवर पोचलीही नसेल अशा वेळी माझा फोन वाजला. तिचं नाव बघून मी खुर्चीतून उठलेच.

"आई, ये. लवकर ये. दीदा पडली."

"तू कुठे आहेस? तू बरी आहेस ना?" मी ओरडले. सगळं ऑफिस माझ्याकडे वळलं.

"मी ठीक आहे. तिला हॉस्पिटलला नेतोय. आई, तू ये ना!"

सॉल्ट लेकपासून हावड्याच्या त्या हॉस्पिटलपर्यंत टॅक्सीत मी नुसती हात जोडून बसले होते. एका बाजूला म्हातारीसाठी रडू येत होतं, आणि एका बाजूला, देवा, माझी पोर बरी आहे, हे पुन्हा पुन्हा मनात येऊन लाजही वाटत होती.

म्हातारी स्ट्रेचरवर होती. गच्चीच्या जिन्यात तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. शुद्धीवर होती. माझा हात धरून पहिला प्रश्न, "बोडी? कौआ सब खा गया?" मी म्हटलं, माशीमा, खाऊ देत मेल्यांना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण वेळेत आणलंत. कामवाली सकाळीच येऊन गेलेली, थेट दुसऱ्या दिवशी येणार होती. दार आतून बंद. थंडीत रात्रभर त्या जिन्यात पडून राहिल्या असत्या तर वाचल्या नसत्या, म्हणाले.

मुलगी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. अंगावर हार्नेस तसाच. ती कारखान्यात पोचली, पट्टे बांधले, शिडीपाशी उभी राहून नेहमीसारखी गच्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. फडक्यावर कावळेच कावळे, कुणी हाकत नाही. तिने हाका मारल्या. मग थोडी थांबली, पुन्हा मारल्या. मग धावत जाऊन दार बडवलं, झोपलेल्या शेजाऱ्यांना उठवलं, दार तोडून घेतलं, अँब्युलन्समध्ये चढली ती तशीच.

मी तिच्याशेजारी बसले. हे विचारायची ती वेळ नव्हती. पण मला राहवेना.

"खुर्ची रिकामी बघितलीस, तेव्हा पटकन एकदा वर जाऊन यावं असं नाही वाटलं? कुणाला कळलंही नसतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

"आई, बघायला कोणी नव्हतं ना. मग कशी चढणार?"

त्या म्हातारीचे, ह्या पोरीचे, कुणाचे म्हणून आभार मानू, काही सुचेना. मी खाली वाकून तिच्या मांडीवरचे पट्टे सोडायला लागले. बकल सापडेना.

"आई, मी करते ना," ती म्हणाली.

"गप्प बस," मी म्हटलं, आणि रडत रडत एकेक पट्टा सोडवत राहिले.